आवाज बंद करणारं कानातलं

साहेब, तुम्ही खोटं बोललात. माझ्या आक्काचे कान ठणठणीत आहेत असं तुम्ही चारचौघांत सांगितलंत आणि वर हसून म्हणालात, "या लोकांना सवय असते." मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, गोड लिहायचं शिकायचं राहून गेलं. म्हणून जे झालं ते सरळ लिहितो. तुमचं नाव लिहीत नाही. वाचताना तुमचं तुम्हाला कळेल.

आमच्या इचलकरंजीत मेन रोडला एक मोबाइलचं दुकान आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुपारी त्या दुकानाचं काचेचं दार ढकलून मी आत गेलो आणि माझ्या मागून आलेली आक्का उंबऱ्यातच थांबून चपला काढायला लागली.

"मावशी, असू देत चपला. देऊळ न्हवं हे," दुकानदार श्रेणिक गल्ल्यावरून म्हणाला.

"देवळातली फरशी तरी कुठं असली असती? तोंड दिसतंय की रं हिच्यात!" आक्का म्हणाली. म्हणाली म्हणजे ओरडली. सगळ्या दुकानानं वळून बघितलं. यंत्रमागावर काम केलेल्या माणसाचा आवाज तसाच असतो. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्यांना भांडण लागल्यासारखं वाटतं.

श्रेणिक माझ्या ओळखीचा. त्याच्या भावाचे कापडाचे तागे मी माझ्या टेम्पोतून पोचवायचो.

"बोला दादा. काय दाखवू?"

"आक्काला कानातलं पाहिजे."

"मग सराफाकडं जायचं की! इकडं कुठं वाट चुकला?"

आक्का खदाखदा हसली. "गल्लीत बी सगळ्यास्नी तसंच वाटलंय. रुक्माक्का इचारती, काय गं मालन, भावानं टेम्पो इकला का काय?"

"बिनवायरचं," मी म्हणालो. "फोनवर बोलायला. भोवतीचा आवाज बंद करणारं असतंय ते."

"हां! नॉइज कॅन्सलिंग."

"क्यान्सल?" आक्का म्हणाली. "गाडी क्यान्सल हुती तसं?"

"तसंच मावशी. बाहेरच्या आवाजाच्या सगळ्या गाड्या क्यान्सल. नुसती फोनची गाडी येणार."

"मग तेच दे बाबा. माझी लेक यायची हाय त्या गाडीनं."

श्रेणिक हसला. मला हसू आलं नाही, कारण ती गंमत नव्हती.

लेक म्हणजे निलम, माझी भाची. ती तेव्हा वापीला होती. तिनं प्रवीण नावाच्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा सोन्यासारखा, पण जात आमची नाही. निलम हे घरी सांगायला आली ती घरी न जाता थेट मागाच्या शेडमध्ये गेली. तिचे आई-बाप दिवसभर तिथंच सापडायचे. आक्का एका बाजूच्या मागांवर, दाजी पलीकडच्या.

साहेब, तुम्ही ते शेड बघितलंय. पण तिथली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघितलं नाही. आडवं सूत घेऊन धोटा या टोकाचा त्या टोकाला जाऊन आपटतो. असे शेडभर माग एकदम आपटत असले की कानाशी येऊन बोंब मारली तरी काही कळत नाही. म्हणून तिथं कुणी आवाजच काढत नाही. ओठ मोठे मोठे हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. आम्ही त्याला मुकं बोलणं म्हणतो. कांडी संपली, सूत तुटलं, भाकरी खायला चल, पोराला ताप आलाय, सगळं मुकं. मालक पाठमोरा असला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही मुका. शेडमधली माणसं का हसतात हे मालकाला जन्मात कळलं नाही. मी शेडमध्येच वाढलो, पुढं टेम्पोवर गेलो म्हणून माझे कान वाचले. निलमही तिथंच वाढली. आम्हाला बोबडं बोलायच्या आधी मुकं बोलता यायचं.

त्या दिवशी निलमनं मागांच्या मधल्या बोळात उभं राहून बापाला मुकंच सांगितलं, लग्न केलंय. दाजीनं माग बंद केला नाही. तिच्याकडं तोंड करून ओठ हलवले, "परत तोंड दाखवू नगंस." एवढंच. आवाज नाही, शिवी नाही. निलमनं ओठ वाचले आणि निघून गेली. वर्षाच्या आत दाजी छातीच्या दुखण्यानं गेला. बोललेला शब्द मागं घ्यायला माणूसच उरला नाही.

पुढं निलमला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुमच्या घरातही असेल. पण लेक आपल्या पायानं येत नाही. आईनं बोलवायचं असतं. निलम फोन करायची, पण तोंड दिसणारा फोन कधी नाही. बापानं तोंड दाखवू नको म्हटलं होतं, ते तिनं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. नुसता आवाजाचा फोन. आणि त्या फोनवर, निलमचं म्हणणं, आई बोलत नाही.

"मामा, ती फोन घेते आणि गप्प बसते," निलम मला म्हणाली होती. "नुसता श्वास ऐकायला येतो. मी आई, आई करते आणि ती श्वास घेत बसते. अजून राग आहे तिच्या पोटात."

"राग कसला? रोज माझ्यामागं लागते, निलमला आण म्हणून."

"हे तुम्ही सांगताय. ती सांगत नाही. आमच्या घरात सगळं ओठांनीच झालं हो मामा. आण्णांनी मला हाकललं तेही ओठांनी. मला आता आवाज पाहिजे. तिनं एकदा आवाज काढून 'ये' म्हणू दे, मी आहे तशी उठून येते."

मी आक्काला विचारलं तर ती माझ्यावरच उखडली. "गप बसती? मी? रोज घसा कोरडा करून ये म्हणती तिला! तीच कायबाय पुटपुटती. मला चार शब्दांतला एक कळतोय. भितीला भित लावून शेड हाय आमची, रातंदिस खडखडाट. त्यात फोनचं काय ऐकू येतंय?"

हे मी निलमला सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तिला ते कानातलं घेऊन द्या, आवाज बंद करणारं. त्यातून माझं तिला ऐकू जाईल, तिचं मला. त्यानंतरही ती गप्प बसली, तर मी समजून जाईन. मग मला परत बोलवायला लावू नका."

असं ते कानातलं घ्यायला आम्ही आलो होतो. त्या डबीत माझ्या आक्काची लेक होती. निलमचे दिवस भरत आले होते.

श्रेणिकनं काचेवर डब्यांची रांग लावली. पहिलं कानातलं आक्काच्या कानात राहीना. मान हलवली की टपकन खाली. दुसऱ्याची दांडी लोंबत होती. ती बुगडीच्या भोकाला टोचायला लागली.

"लाजू नका मावशी, दुखत असलं तर सांगा. तासन् तास घालायची वस्तू हाय. रबर बदलून देतो. कुणाचं भोक ल्हान, कुणाचं मोठं."

"माझं मोठंच असणार. जन्मभर सुताचं बोळं कोंबल्यात त्यात."

"कशाला वो?"

"आवाजाला. दुसरं काय हाय आमच्याकडं?"

श्रेणिकनं मोठं रबर बसवून तिसरं दिलं. आक्कानं ते कानात घातलं, मान हलवली, उडी मारल्यासारखं केलं, पदर डोक्यावर घेऊन बघितला. "हे झ्याक हाय. बोळ्यासारखं बसलंय."

"आता मावशी, ऐकायला तसं नीट येतं न्हवं? न्हाईतर आवाज मोठा करून देतो."

आक्काची मान ताठ झाली. "माझं कान सायबानं तपासल्यात. ठणठणीत म्हणाला. शेडभर बायकांत माझं नाव घेऊन सांगिटलं."

तो साहेब म्हणजे तुम्ही.

त्या दिवशी मी तागे भरायला टेम्पो घेऊन शेडच्या दारात होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. आरोग्य तपासणीचा बॅनर लावला होता. मालकाला उत्पादन थांबवायचं नव्हतं, म्हणून माग चालूच होते आणि तुम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टर म्हणून तुम्ही रुमाल नाकाला लावून आत आलात. बायकांना रांगेनं उभं केलंत. प्रत्येकीच्या कानात बॅटरी मारलीत. आक्का शेजारणीला मुकं म्हणाली, "मेल्याचं काय सोनं हरवलंय माझ्या कानात?" सगळी रांग हसली. तुम्हाला वाटलं, बायका तुमच्यावर खूश आहेत. तुम्हीही हसलात. मग रुमाल खाली घेऊन, तिच्यासमोर उभं राहून तुम्ही विचारलंत, ते मी दारातून ओठांवर वाचलं, "ऐकू येतं का?" ती मान हलवून म्हणाली, "व्हय." "नाव काय?" "मालन." "जेवलात का?" "न्हाई, तुमची वाट बघत हुते." पुन्हा सगळ्या हसल्या.

मग तुम्ही बाहेर आलात. सगळ्या बायका भोवती जमल्या. एकीनं विचारलं, "सायेब, कानात घालायला कायतरी मिळंल का वो? बोळ्यानं भागत न्हाई." आणि तुम्ही यादीतलं नाव वाचून म्हणालात, "कशाला? ह्या मालनबाईंचे कान बघा, ठणठणीत. या लोकांना सवय असते." हे दुसरं वाक्य तुम्ही मालकाकडं वळून म्हणालात.

त्यानंतर आक्का आणखी कित्येक वर्षं मागावर गेली. कान चांगले असल्यावर का नाही जाणार?

"आता ट्रायल घेऊ या," श्रेणिक म्हणाला. त्यानं आक्काच्या फोनला ते जोडलं. "दादा, तुम्ही रस्त्यापलीकडं जावा आणि फोन लावा. मावशी इथनं बोलतील. तुम्हाला आवाज कसा येतोय बघा. मावशी, मी आता बाहेरचा आवाज बंद करतो. घाबरू नका, एकदम गारगार वाटंल."

मी रस्ता ओलांडून रसवंतीच्या छपरीत उभा राहिलो. फोन लावला. आक्कानं घेतला.

"आक्का, येतंय का ऐकायला?"

काही नाही. श्वास.

"आक्का! बोल की काहीतरी."

श्वास. ओठ ओले केल्यासारखा बारीक आवाज. पुन्हा श्वास.

निलम सांगायची तसंच, अगदी तसंच. म्हणजे ही खरंच गप्प बसते? लेकीला रोज ये म्हणते, हे मला खोटं सांगते?

मी परत आत आलो. "श्रेणिक, आवाज येत नाही."

"येत न्हाई कसा? मी इतकं ओरडून बोलले," आक्का म्हणाली. दुकान पुन्हा दचकलं.

"पीस खराब असंल," गिऱ्हाइकांच्या गडबडीत असलेला श्रेणिक म्हणाला. त्यानं दुसरी कंपनी काढली. मी पुन्हा रस्ता ओलांडला. पुन्हा नुसता श्वास. तिसरी काढली, पुन्हा तेच. आता श्रेणिकही घामाघूम झाला. त्यानं तेच कानातलं आक्काच्या कानातून काढून पुसून आपल्या कानात घातलं आणि मला फोन लावला. "दादा, कसा येतोय आवाज?" शेजारी उभा राहून बोलल्यासारखा स्वच्छ. रसवंतीचा घुंगरू वाजत होता, मागून ट्रक गेला, तरी त्याचा एकेक शब्द मोजून घ्यावा असा.

"मग वस्तू चांगली हाय," तो म्हणाला. "मावशींना घालतो परत. ह्या बारीला तुम्ही दाराशीच थांबा, लांब जाऊ नका."

मी काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो. फोन लावला, कानाला धरला आणि आत बघितलं.

आक्का माझ्याकडं तोंड करून उभी होती. ती बोलत होती. भराभरा बोलत होती. ओठ मोठे मोठे हलत होते, भुवया वर जात होत्या, गळ्याच्या शिरा मात्र तशाच सैल होत्या. माझ्या कानात नुसता श्वास.

ती मुकं बोलत होती.

मी ओठ वाचले. "ऐकू येतंय न्हवं तुला? मी केवढ्यानं बोलतीया. त्या दुकानवाल्याला सांग, माग बंद कर म्हणावं. त्याच्या मागल्या अंगाला कुणाची तर शेड हाय. बाकीचं सगळं बंद झालं रं, माग तेवढं चालूच हायेत."

मी फोन खाली घेतला. रस्त्यावर उभा राहून कान दिले. त्या दिवशी आमच्या पट्ट्यातल्या मागांची आठवड्याची सुट्टी होती. मागांची वीज बंद, गावातला एकेक माग बंद. त्या वारी आमचं गाव इतकं गप्प असायचं की कबुतरं ऐकू यायची. दुकानाच्या मागं एक साडी सेंटर होतं आणि त्याच्या मागं एक शाळा. माग कुठंच नव्हते.

म्हणजे माग तिच्या डोक्यात होते. सुट्टीच्या दिवशीही, घरातही, झोपेतही. कानाला फोन लावला, कान झाकला, की ते आणखी मोठे व्हायचे. आणि मागाच्या आवाजात घसा कोण फोडतं? जन्मभर जे केलं तेच तिचं तोंड करायचं. आवाज आपोआप बंद, ओठ चालू. आपण मुकं बोलतोय हे तिला कळायचं कसं? स्वतःचा आवाज तिनं शेवटचा कधी ऐकला होता कोणास ठाऊक.

रोज ती निलमला म्हणत होती, ये. रोज. घसा कोरडा करून.

मी आत गेलो. तिच्या कानातलं काढलं आणि श्रेणिकच्या हातात दिलं. ती काचेखालचे फोन बघायला वाकली. मी तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो.

"आक्का."

ती फोन बघत होती.

"आक्का!"

एक गिऱ्हाईक वळलं. श्रेणिक माझ्या तोंडाकडं बघायला लागला.

"आक्काऽ!" मी ओरडलो. दुकानात सगळं थांबलं. दारात झोपलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं. माझी आक्का काचेवर बोट ठेवून एका फोनचा रंग बघत होती.

"दादा," श्रेणिक हळू म्हणाला, "मगापासनं तर माझ्याशी चांगलं बोलत होत्या."

"तू समोर होतास," मी म्हणालो.

साहेब, तुम्हीही समोर होतात. तिनं तुमच्या ओठांना उत्तरं दिली आणि तुम्ही ती कानांची म्हणून धरलीत. चालू मागांत तुम्हाला स्वतःचा आवाज येत नव्हता, मग त्या रांगेतली प्रत्येक बाई 'व्हय' कशी म्हणते, हा प्रश्न तुमच्या शिकलेल्या डोक्याला पडला नाही. एकदा पाठीमागं उभं राहून हाक मारायची होती. त्याला यंत्र लागत नाही, बॅटरीही लागत नाही. दोन पावलं चालावं लागतं.

श्रेणिकचं तोंड बघून आक्का वळली. "काय झालं? कुणी आलं का?"

"काही नाही," मी तिच्यासमोर येऊन म्हणालो. "निलमला फोन लावतो."

"हितनंच? लाव लाव. हे चांगलं बसतंय कानात."

"कानातलं राहू दे."

मी फोन लावला तो तोंड दिसणारा. निलमनं तोडला. परत लावला, परत तोडला. तिसऱ्यांदा प्रवीणनं घेतला. तोंडाला मास्क, मागं हिरवा पडदा.

"मामा, मी तुम्हालाच लावणार होतो. काल दुखायला लागलं, दिवस भरायच्या आधीच. सकाळी मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"आणि आम्हाला कळवायचं नाही?"

"मी म्हटलं तिला. ती म्हणाली, जिनं बोलावलं नाही तिला सांगून काय करायचं?"

"काय म्हणतोय त्यो?" आक्का माझी बाही ओढत होती. "तोंडावरचं काढ म्हणावं की! काय कळंना!"

मी तिला सांगितलं. ओठ नीट हलवून सांगितलं. मुलगी झाली. ती आधी हसली, दोन्ही हात कपाळाला लावले, आणि मग तिच्या ध्यानात आलं की झाली म्हणजे तिथं झाली. माहेरी नाही. तिचे हात तिथंच राहिले.

"प्रवीणराव, निलमकडं फोन द्या," मी म्हणालो. "तिला म्हणावं, तोंड दाखव. तिच्या आईला ऐकू येत नाही."

हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारलं होतं.

निलम दिसली. डोक्याला फडकं बांधलेलं, तोंड सुजलेलं, नजर दुसरीकडं. आक्कानं फोन माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांत आरशासारखा धरला आणि बोलायला लागली. आवाज नाही. आता फोन समोर होता, कानाला लावलेला नव्हता, तरीही नाही. फोन म्हटला की तिचे माग सुरू होत असावेत.

"ये गं माझे बाई. ये. किती दीस झालं म्हणती, ये, ये. आण्णाचं मनावर घिऊ नगंस. पोरीला घिऊन ये."

निलमनं हळूच बघितलं. आधी तिला राग होता, तो मला दिसला. मग तिच्या डोळ्यांनी आईचे ओठ धरले. शेडमध्ये वाढलेली पोर ती, तिला एकही शब्द चुकला नाही. ते सगळे फोन, ते सगळे श्वास, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. तिनं तोंडावर हात दाबला. आणि दुसऱ्या क्षणी हात काढला, कारण आईला ओठ दिसायला पाहिजेत. रडत रडत तीही मुकंच बोलली.

"आई, तुझा आवाज कुठाय गं?"

"ह्यो काय. बोलतीया की," आक्का म्हणाली. मुकंच.

"दादा, आवाज येईना झालाय का?" श्रेणिकनं कुजबुजत विचारलं. "स्पीकर बघू का?"

"नको," मी म्हणालो. "चाललंय त्यांचं."

निलमनं बाळ उचलून समोर धरलं. लालबुंद, मुठी आवळलेल्या. धरल्या धरल्या पोरीनं टाहो फोडला. इतका खणखणीत की गल्ल्याशी उभी असलेली बाई म्हणाली, "अगं बाई!" दुकानातली सगळी माणसं आपसूक हसली. एकटी आक्का त्या उघड्या तोंडाकडं बघत होती, त्यातून काहीतरी खाली पडेल आणि ते झेलायचंय असं.

"रडती व्हय गं ती?" तिनं निलमला मुकं विचारलं. निलमनं मान हलवली.

मग आक्का माझ्याकडं वळली. समोर माझं तोंड दिसल्यावर तिचा आवाज परत आला, तो दुकानभर मोठा आवाज. "भावा, आवाज कसा हाय रं पोरीचा?"

काहीतरी म्हणायचं म्हणून मी म्हणालो, "निलमसारखाच आहे."

तिनं जरा विचार केला.

"निलमचा कसा हुता?"

मी फोनकडं बघितलं.

"तिची झोळी मागाशेजारच्या खांबाला हुती. आठवतंय न्हवं तुला? तोंड उघडं दिसलं की म्या धावायची पाजायला. आवाज कुठं ऐकला म्या तिचा?" ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "सांग की. बारीक हाय का जाड हाय? मांजरावाणी हाय का?"

फोनमध्ये पोरगी रडत होती. मी तोंड उघडलं आणि मला एक शब्द सुचला नाही. आजपर्यंत सुचलेला नाही. निलम सव्वा महिन्यानं बाळाला घेऊन आली, पोरगी मोठी झाली, शाळेत जायला लागली, आजीशी समोर उभी राहून बोलते. पण ती रडायची कशी, हे आक्काला कुणी सांगू शकलेलं नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो, साहेब. कान तुम्ही तपासले होते, मी नाही. ज्या बाईनं पोटच्या पोरीचं रडणं कधी ऐकलं नाही आणि नातीचं रडणं समोर असून ऐकलं नाही, तिला ते कसं असतं हे कोणत्या शब्दांत सांगायचं? मला पत्र पाठवू नका, उत्तर मला नको आहे. तिला द्या. घरी या, तिच्यासमोर बसा आणि सांगा. आणि सांगताना मान फिरवू नका. तुम्ही मान फिरवलीत की तिला काहीच कळत नाही.